सत्तावीस वर्षांचे आयुष्य : थोरले माधवराव पेशवे आणि क्षयरोग

१७६९ सालच्या सुरुवातीच्या महिन्यांत चांद्याच्या परकोटाबाहेर पेशव्यांच्या फौजेचा वेढा पडला होता. आजच्या चंद्रपुरात जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर या वेशींतून रोज हजारो माणसे ये-जा करतात. गोंड राजांनी बांधलेला हा परकोट तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता. १७५१ मध्ये चांद्याचे गोंड राज्य भोसल्यांकडे गेले, त्याला दीड-दोन दशके झाली होती. नागपूरकर जानोजी भोसल्यांना वठणीवर आणण्यासाठी निघालेल्या या मोहिमेचे नेतृत्व स्वतः पेशवे करत होते. त्यांचे वय होते अवघे चोवीस. नाव माधवराव बल्लाळ, म्हणजेच थोरले माधवराव.

या मोहिमेनंतर ते चार वर्षेही जगले नाहीत. पानिपतात मोडलेले राज्य ज्यांनी अकरा वर्षांत पुन्हा उभे केले, त्यांना शत्रूची तलवार लागली नाही. त्यांना क्षयाने नेले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी पुण्याजवळच्या थेऊर येथे त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांना अठ्ठावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

माधवरावांच्या कारभाराबद्दल आणि लढायांबद्दल मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. त्यांच्या आजाराचा उल्लेख मात्र बहुधा शेवटच्या पानावर, एखाद्या हळहळीपुरता येतो. खरे तर त्यांचे आयुष्य या आजाराच्या अंगानेही वाचायला हवे. ज्या रोगाने त्यांना नेले, तो रोग चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत आजही आहे. फरक इतकाच, की त्यांच्या काळी त्यावर औषध नव्हते.

पानिपतानंतरचा वारस

माधवरावांचा जन्म फेब्रुवारी १७४५ मध्ये कर्नाटकातील सावनूर येथे झाला. नानासाहेब पेशवे आणि गोपिकाबाई यांचे ते दुसरे पुत्र. पेशवाईचा वारस म्हणून घरात पाहिले जात होते ते थोरल्या विश्वासरावांकडे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव पडले, सदाशिवरावभाऊ पडले आणि मराठ्यांची एक अख्खी पिढी कापली गेली. त्या धक्क्यातून नानासाहेब सावरले नाहीत. २३ जून १७६१ रोजी पुण्यात पर्वतीवर त्यांचे निधन झाले. महिनाभरातच, २० जुलै रोजी, साताऱ्यात सोळा वर्षांच्या माधवरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली.

हाती आले ते राज्य कर्जबाजारी होते. उत्तरेतील दरारा गेला होता. दक्षिणेत निजाम आणि हैदर अली संधी साधून पुढे सरकत होते. घरात चुलते रघुनाथराव सत्ता स्वतःकडे ठेवू पाहत होते. सरदारांपैकी कोण कधी कोणाच्या बाजूला जाईल याचा भरवसा नव्हता. १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने थेट पुणे लुटले. त्याच वर्षी १० ऑगस्टला गोदावरीकाठी राक्षसभुवन येथे मराठ्यांनी निजामाचा पराभव केला आणि या अठरा वर्षांच्या पेशव्याकडे सगळ्यांचे लक्ष गेले.

त्यानंतरची वर्षे जवळजवळ घोड्यावर गेली. कर्नाटकात हैदर अलीविरुद्ध एकामागून एक मोहिमा झाल्या. १७६८ च्या जूनमध्ये नाशिककडच्या धोडप किल्ल्यापाशी रघुनाथरावांचा पराभव करून त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवावे लागले. रघुनाथरावांना आतून साथ देणाऱ्या जानोजी भोसल्यांकडे मग पेशव्यांचा मोर्चा वळला. नागपूर लुटले गेले, चांद्याला वेढा पडला. जानोजी मात्र समोरासमोर लढाईला उभे राहिले नाहीत. हुलकावण्या देत ते पश्चिमेकडे निघाले आणि पुण्यालाच धोका निर्माण झाला. त्यामुळे चांद्याचा वेढा उठवून पेशव्यांच्या फौजेला त्यांच्या मागे जावे लागले. अखेर मार्च १७६९ मध्ये कनकापूर येथे तह झाला आणि भोसल्यांनी पेशव्यांचे वर्चस्व मान्य केले.

लढायांइतकाच माधवरावांचा कारभार लोकांच्या लक्षात राहिला. रामशास्त्री प्रभुणे यांच्यासारख्या न्यायाधीशाला त्यांनी मोकळा हात दिला आणि त्यांचा शब्द स्वतःलाही लागू मानला. रयतेकडून फुकट राबवून घेण्याच्या वेठीच्या प्रथेला त्यांनी आळा घातला. हिशेबाची कडक तपासणी, लाचखोर अंमलदारांना शिक्षा आणि तक्रार घेऊन आलेल्याला भेट ही त्यांच्या कारभाराची ओळख होती. नाना फडणीस, हरिपंत फडके, महादजी शिंदे ही पुढच्या काळात गाजलेली माणसे त्यांच्याच कारकिर्दीत पुढे आली.

दुखण्याने गाठले

१७६९ च्या अखेरीस माधवराव पुन्हा हैदरवर चालून गेले. ही त्यांची कर्नाटकातील तिसरी मोठी मोहीम. ती जोरात असतानाच १७७० मध्ये प्रकृती इतकी ढासळली की फौज मामा त्रिंबकराव पेठे यांच्या हाती देऊन त्यांना परतावे लागले. तोवर हा आजार शरीरात किती दिवस मुरत होता, हे सांगता येत नाही. क्षयरोगाची रीतच तशी आहे. जंतू शरीरात शिरल्यावर तो महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे गप्प बसतो. शरीराची प्रतिकारशक्ती त्याला कोंडून ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे पाव लोकसंख्येच्या शरीरात हा जंतू असा दडलेला आहे. त्यांपैकी ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष रोग होतो. कुपोषण, मधुमेह, एचआयव्हीचा संसर्ग, दारू, तंबाखूचा धूर, दुसरा एखादा दीर्घ आजार, यांपैकी कशानेही पहारा ढिला पडला की जंतू डोके वर काढतो.

माधवरावांना खाण्यापिण्याची ददात नव्हती. पण गर्दीच्या छावण्या, तंबूतला मुक्काम, माणसांची सततची वर्दळ, वर्षानुवर्षांची दगदग आणि घरातल्या कलहाचा ताण हे सगळे त्यांच्या वाट्याला आले होते. क्षयाचा जंतू रोग्याच्या खोकल्यातून हवेत जातो आणि बंद, कोंदट जागेत तासन्‌तास तरंगत राहतो. तो वाड्याची पायरी ओळखत नाही आणि झोपडीचे दारही ओळखत नाही. गरिबाला तो जास्त गाठतो, कारण गरिबाचे घर लहान असते आणि ताट अर्धे असते. पण श्रीमंताला त्याच्यापासून अभय नाही.

माधवरावांचे दुखणे आतड्याच्या क्षयाचे असावे, असे काही इतिहासकार मानतात. क्षय म्हणजे फक्त छातीचा रोग, हा समज आजही पक्का आहे, म्हणून हा मुद्दा महत्त्वाचा. हा रोग आतडे, मणके, मेंदूची आवरणे, लसिका ग्रंथी, मूत्रपिंडे, स्त्रियांमध्ये गर्भाशय अशा जवळजवळ कोणत्याही अवयवाला होऊ शकतो. आतड्याच्या क्षयात पोट दुखते, वजन झपाट्याने उतरते, बारीक ताप राहतो, कधी जुलाब तर कधी आतड्याला अडथळा येतो. रोगी खोकत नसल्यामुळे घरच्यांना क्षयाची शंकाही येत नाही. निदानाला उशीर होतो आणि तोवर शरीर पोखरले जाते.

त्या काळचे वैद्यक

अठराव्या शतकातील वैद्यांना हा रोग चांगला परिचित होता. चरकसंहितेत राजयक्ष्म्याचे सविस्तर वर्णन आहे. ताकदीबाहेरचे साहस, मलमूत्रादी वेगांचे अवरोध, धातूंचा क्षय आणि अवेळी, अनियमित जेवण ही त्याची चार कारणे तेथे सांगितली आहेत. जंतूची कल्पना नसतानाही शरीर खंगवणाऱ्या परिस्थितीचे हे निरीक्षण अचूक होते. चार कारणांची ही यादी माधवरावांच्या दिनक्रमाशेजारी ठेवली, तर वैद्यांना त्यांच्या दुखण्याचे नवल वाटले नसावे.

उपाय मात्र मोजके होते. विश्रांती, दूध-तूप, शेळीचे दूध, मांसरस, औषधी काढे आणि मोकळ्या हवेत मुक्काम. माधवराव हवापालट म्हणून नाशिककडे कटोरे येथे राहिले. अखेरचे महिने त्यांनी मुळा-मुठेच्या काठी थेऊरला काढले. तेथील चिंतामणीवर त्यांची श्रद्धा होती. या सगळ्याने शरीराला आधार मिळे, क्वचित एखादा रोगी आपल्या आपण बराही होई. पण जंतूवर घाव घालणारे काहीच कोणाकडे नव्हते. पुण्यातल्या वैद्याकडे नव्हते, तसे लंडनच्या किंवा पॅरिसच्या डॉक्टरकडेही नव्हते. औषधे येण्यापूर्वीच्या युरोपातील नोंदी सांगतात की थुंकीत जंतू सापडणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयाच्या रोग्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक दहा वर्षांच्या आत दगावत.

शेवटच्या दिवसांतही माधवरावांचा कारभार सुटला नाही. उत्तरेत महादजी शिंदे आणि विसाजी कृष्ण बिनीवाले यांच्या फौजांनी जानेवारी १७७२ मध्ये बादशहा शाह आलम याला दिल्लीच्या तख्तावर परत बसवले. पानिपताच्या अपयशाची ही भरपाई अंथरुणावर पडलेल्या पेशव्याच्या कानावर आली. मृत्यूपूर्वी त्यांनी आपल्या मागे काय करावे याची कलमवार यादी लिहून ठेवली. राज्यावरचे कर्ज फेडावे, ही त्यातली एक मुख्य इच्छा. चुलते रघुनाथरावांशी समेट करून त्यांनी धाकट्या नारायणरावांना त्यांच्या हाती सोपवले.

१८ नोव्हेंबरला ते गेले. त्यांना मूलबाळ नव्हते. पत्नी रमाबाई त्यांच्या चितेवर सती गेल्या. एका रोगाने एक जीव घेतला आणि त्या काळच्या रूढीने दुसरा.

त्याच काळातला दुसरा एक घरवास

माधवरावांचे समकालीन असलेले अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन त्यांच्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठे होते. वॉशिंग्टन यांच्या घरातही हाच रोग शिरला होता. त्यांचे थोरले सावत्र भाऊ लॉरेन्स क्षयाने आजारी होते. हवापालट म्हणून १७५१ मध्ये दोघे भाऊ कॅरिबियन समुद्रातील बार्बाडोस बेटावर गेले. थेऊर असो वा बार्बाडोस, क्षयावर जगभर एकच उपाय सांगितला जात होता. लॉरेन्स यांना त्या हवेचा उपयोग झाला नाही. पुढच्याच वर्षी ते वारले. जॉर्ज यांना त्या बेटावर देवीचा आजार झाला, पण ते त्यातून बरे झाले आणि भावाच्या क्षयाने त्यांचा जीव घेतला नाही. देवी एकदा येऊन गेलेल्या माणसाला ती सहसा पुन्हा येत नाही. पुढे १७७७ मध्ये त्यांनी आपल्या फौजेला त्या काळच्या पद्धतीने देवी टोचून घेण्याचा आदेश दिला. त्या युद्धात देवीची साथ शत्रूइतकीच घातक ठरत होती.

वॉशिंग्टन सदुसष्ट वर्षे जगले. युद्ध जिंकायला, नव्या देशाची घटना उभी राहताना पाहायला, दोनदा अध्यक्ष व्हायला आणि १७९७ मध्ये सत्ता शांतपणे दुसऱ्याच्या हाती देऊन घरी परतायला त्यांना वेळ मिळाला. माधवरावांना तो वेळ मिळाला नाही. दोन राज्ये वेगळी, दोन समाज वेगळे. एका रोगावरून दोन इतिहासांचा निकाल लावणे योग्य होणार नाही. पण राज्यकर्त्याला मिळालेल्या वर्षांवर किती गोष्टी अवलंबून असतात, हे या दोन आयुष्यांकडे पाहिले की कळते.

माधवरावांच्या मृत्यूनंतर वर्षही लोटले नाही, तोच ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांचा खून केला. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि १७७५ मध्ये मराठे-इंग्रज यांच्यातील पहिले युद्ध सुरू झाले. मराठेशाहीचा इतिहास लिहिणारा ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफ याने पानिपत या राज्याला माधवरावांच्या अकाली मृत्यूपेक्षा अधिक घातक ठरले नाही, असाच निष्कर्ष काढला. १८१८ मध्ये पेशवाई संपली. त्याच वर्षी मे महिन्यात इंग्रजी तोफांनी चांद्याचा परकोट फोडला. माधवरावांच्या वेढ्याला तेव्हा एकोणपन्नास वर्षे झाली होती.

औषध सापडले, पण उशिरा

माधवरावांच्या मृत्यूनंतर एकशे दहा वर्षांनी, २४ मार्च १८८२ रोजी, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवून दिला. त्या वेळी जगातल्या दर सात मृत्यूंपैकी एक या रोगाने होतो, असा अंदाज त्यांनी मांडला होता. जंतू कळला, तरी औषध यायला आणखी साठ वर्षे लागली. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ मध्ये लागला. आयसोनिअॅझिड १९५२ मध्ये वापरात आले आणि त्यानंतर रिफॅम्पिसिन आले. रिफॅम्पिसिनमुळे दीड वर्षाचा उपचार सहा महिन्यांवर आला.

भारतातील एका संशोधनाने तर उपचाराची जागाच बदलली. १९५६ मध्ये चेन्नईत सुरू झालेल्या अभ्यासात क्षयाच्या काही रोग्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवले आणि काहींना त्यांच्या दाटीच्या, गरीब घरांतच औषधे दिली. घरी राहणाऱ्यांचे अन्न निकृष्ट होते आणि विश्रांतीही कमी होती. तरीही दोन्ही गटांत बरे होण्याचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. घरातल्या इतरांना रोग होण्याचे प्रमाणही वाढले नाही. कारण औषध सुरू झाले की रोग्याकडून होणारा फैलाव लवकरच ओसरतो. हजारो वर्षे चाललेला हवापालटाचा उपाय त्यानंतर मागे पडला. डोंगरावरची किंवा नदीकाठची हवा नसली तरी चालेल, पण औषध नियमित मिळाले पाहिजे, हे सिद्ध झाले.

मग उपचार सहा महिने का चालतो? याचे कारण जंतूच्या स्वभावात आहे. पोट बिघडवणारे काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. क्षयाच्या जंतूला त्यासाठी पंधरा ते वीस तास लागतात. त्याच्याभोवती मेणासारखे जाड आवरण असते आणि त्यातले काही जंतू जवळजवळ झोपलेले असतात. औषध वाढणाऱ्या जंतूला लवकर मारते, झोपलेल्याला नाही. पहिल्या दोन महिन्यांत बहुतेक जंतू मरतात, ताप जातो, भूक लागते, वजन वाढते आणि माणसाला आपण बरे झालो असे वाटते. नेमका धोका येथे असतो. उरलेले थोडे जंतू जिवंत असतानाच गोळ्या थांबल्या, तर रोग परत येतो आणि कधी त्याच औषधांना दाद न देणारा होऊन येतो.

चंद्रपूर-गडचिरोलीतला प्रश्न

भामरागडचा एखादा तरुण क्षयाने आजारी पडला, तर त्याच्यासाठी चार औषधांची गोळी सरकारी केंद्रात मोफत आहे. पुण्याच्या पेशव्याला सगळी दौलत देऊनही जे मिळाले नसते, ते त्याला एक रुपयाही न देता मिळते. थुंकीतल्या जंतूचा जनुकीय अंश तपासून काही तासांत निदान करणारी यंत्रे आली आहेत. जंतू रिफॅम्पिसिनला दाद देतो की नाही, हेही त्याच तपासणीत कळते. २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत उपचार घेणाऱ्या रोग्याला आहारासाठी दरमहा ५०० रुपये मिळत होते. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये झाली आहे.

तरीही जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे पाव रोगी एकट्या भारतात आहेत. औषध आणि माणूस यांच्यामधले अंतर हा आता खरा प्रश्न आहे, आणि जंगलाच्या भागात हे अंतर किलोमीटरमध्येही मोजता येते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. महिन्याची औषधे आधीच घरात नसतील, तर उपचारात खंड पडतो. मिरची तोडायला अनेक कुटुंबे तेलंगणात जातात. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. मजुरी बुडवून दवाखान्यात जाणे परवडत नाही आणि परगावी गेलेल्या मजुराला गोळ्या कोठे मिळतील हे ठाऊक नसते. उपचाराची नोंद देशभर चालते. निघण्यापूर्वी आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात कळवले, तर पुढच्या गावच्या केंद्रातून औषध मिळू शकते. हे सांगायला कोणीतरी वेळेवर भेटले पाहिजे.

दुसरे कारण धूळ. खाणीत, दगडफोडीत आणि क्रशरवर सिलिकाची बारीक धूळ श्वासातून फुप्फुसात जाऊन बसते. तिच्यामुळे फुप्फुसांची प्रतिकारशक्ती मंदावते आणि क्षयाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. चंद्रपूरच्या औद्योगिक पट्ट्यात अशा कामावर असलेल्याचा खोकला कामाची धूळ म्हणून सोडून देणे महागात पडते. त्यावर विडीचा धूर आणि दारू असेल, तर फुप्फुसांना विश्रांतीच मिळत नाही.

तिसरे आणि सर्वांत जुने कारण म्हणजे अर्धपोटी राहणे. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात क्षयरोग्यांच्या घरातील इतर माणसांना तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वे नियमित देण्यात आली. या कुटुंबांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. चरकाने अन्नाला आणि शरीराच्या झिजेला दिलेले महत्त्व आजच्या मोजमापातही टिकून आहे. मुरमुरे, पेज आणि चहावर दिवस काढणाऱ्या घरात रोगी निघाला, तर घरातल्या प्रत्येकाची तपासणी आणि प्रत्येकाचे ताट या दोन्हींकडे पाहावे लागते.

चौथे कारण लाज. सून क्षयाची निघाली म्हणून तिला माहेरी धाडणे, मुलीचे लग्न ठरेपर्यंत आजार लपवणे, रोग्याची ताटवाटी वेगळी ठेवणे हे प्रकार अजून संपलेले नाहीत. ताटवाटीतून हा रोग पसरत नाही. तो खोकल्यातून, बंद जागेतल्या हवेतून पसरतो. त्यामुळे तोंडावर रुमाल, उघड्या खिडक्या आणि वेळेवर सुरू झालेले औषध यांनी घर सुरक्षित होते. माणसाला दूर लोटल्याने उलट तो तपासणी टाळतो, लपून खोकतो आणि रोग वाढवतो.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्रीचा घाम, कारण नसताना घटणारे वजन, थुंकीतून रक्त, मानेत न दुखणारी गाठ, बरेच दिवसांचे पोटाचे दुखणे किंवा पाठीच्या कण्यातील वेदना यांपैकी काहीही असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या बदलत महिने घालवू नयेत. औषध सुरू झाल्यावर लघवीचा रंग नारिंगी होतो. तो रिफॅम्पिसिनचा रंग असतो, त्याला घाबरून गोळ्या थांबवू नयेत. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात किंवा दृष्टी अंधुक झाली, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवावे. घरात पाच वर्षांखालचे मूल असेल, तर प्रतिबंधक औषधाबद्दल न विसरता विचारावे.

थेऊरला गणपतीच्या दर्शनाला जाणारे अनेक लोक नदीकाठी रमाबाईंच्या स्मारकापाशी थांबतात. पेशवाईतला सर्वांत कर्तबगार राज्यकर्ता येथे रोगापुढे हतबल झाला होता. त्याच्याजवळ धन होते, वैद्य होते, सेवेला माणसे होती आणि जगण्याची जबरदस्त निकडही होती. फक्त औषध नव्हते. आज औषध आहे. ते सहा महिने पुरे घेतले, तर बहुतेक रोगी पूर्ण बरे होतात. चांद्याच्या परकोटाआत असो वा पर्लकोटेपलीकडच्या पाड्यात, कोणत्याही घरातल्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या माणसाने या रोगाने जाण्याचे आता काही कारण उरलेले नाही.